रात्रीच्या ड्रोनला दिसणारा उजेड प्रथम ओळखणारे विल्यम हर्शेल

उसाच्या फडात दडलेला बिबट्या शोधायला वनखाते आता रात्री थर्मल कॅमेऱ्याचे ड्रोन उडवते. अंधारात अंगाची ऊब टिपणाऱ्या या कॅमेऱ्याची मुळे थेट 1800 सालात जातात, आणि तीही एका बँडवाल्याच्या पोराकडे.

विल्यम हर्शेल यांचा जन्म 15 नोव्हेंबर 1738 रोजी जर्मनीतल्या हॅनोव्हरमध्ये झाला. वडील लष्करी बँडमध्ये वाजवायचे. पोरगाही त्याच बँडमध्ये लागला. 1757 मध्ये युद्धाच्या धामधुमीत त्याने इंग्लंड गाठले. नोटांच्या नकला कर, शिकवण्या घे, असे करत बाथ शहरात चर्चचा ऑर्गनवादक म्हणून जम बसवला. 1772 मध्ये धाकटी बहीण कॅरोलिनही तिकडे आली.

पुढे आकाशाचे वेड लागले. चांगली दुर्बीण विकत घेणे परवडेना, म्हणून हर्शेल यांनी तांबे आणि कथील वितळवून आरसे घरीच ओतायला सुरुवात केली. घासणे एकदा सुरू झाले की हात थांबवता येत नसे. अशा वेळी कॅरोलिन भावाला घास भरवायची. 1781 मध्ये एकदा साचा फुटला, वितळलेला धातू फरशीवर पसरला आणि फरशीचे दगड उडाले. सगळे जीव मुठीत धरून पळाले. त्याच वर्षी 13 मार्चला घरच्या दुर्बिणीतून त्यांना युरेनस सापडला होता. राजाने वर्षाला 200 पौंड बांधून दिले आणि संगीताची नोकरी सुटली.

सूर्याचे डाग पाहताना डोळे भाजू नयेत म्हणून ते दुर्बिणीला रंगीत काचा लावत. त्यात एक गोष्ट खटकली. काही काचांतून उजेड कमी आणि चटका जास्त यायचा, काहींतून नेमके उलटे. मग कुठल्या रंगात उष्णता किती? 1800 मध्ये त्यांनी लोलकातून ऊन पाडले आणि एकेका रंगात थर्मामीटर ठेवला. जांभळ्यात पारा सुमारे 2 अंश फॅरेनहाइट चढला, तांबड्यात जवळजवळ 7. नंतर थर्मामीटर तांबड्याच्याही पलीकडे, जिथे काहीच दिसत नव्हते तिथे ठेवला. पारा तिथेही चढला, उलट जास्तच. हेच ते अवरक्त किरण.

हर्शेल तिथे थांबले नाहीत. मेणबत्ती, चूल, ऊन यांची उष्णता काचेतून किती पार जाते, हे त्यांनी मोजले. उजेड जितका जातो तितकी उष्णता जात नाही, असे दिसले. त्यावरून उजेड आणि उष्णता हे दोन वेगळेच किरण, असा निष्कर्ष त्यांनी काढला. तो चुकला. पण काच उष्णता अडवते हे निरीक्षण पक्के होते, आणि आजच्या भिंगवाल्यांची अडचण तिथेच सुरू होते. प्राण्याच्या अंगातून निघणारे लांब लहरींचे किरण साध्या काचेतून जातच नाहीत. म्हणून थर्मल कॅमेऱ्यात जर्मेनियमची भिंगे लागतात. जर्मेनियम महाग, शिवाय साध्या काचेच्या दुप्पट जड. झूम करायचे तर अनेक भिंगे हवीत, ती पुढेमागे सरकवणारी यंत्रणाही हवी. वजन वाढले की ड्रोन लवकर खाली उतरवावा लागतो. म्हणून कमी भिंगांत, कमी वजनात काम भागवण्याची खटपट चालते.

वजनाचा हा जाच हर्शेल यांनाही चुकला नाही. 1789 मध्ये त्यांनी 40 फुटी दुर्बीण उभी केली. तिचा आरसा 4 फूट रुंद होता. पहिला पातळ ओतला तर आकार बिघडला, दुसरा जाड केला तर उचलणे मुश्कील झाले. जग ती बघायला येई, पण हर्शेल रोजच्या कामाला 20 फुटीच वापरत.

25 ऑगस्ट 1822 रोजी स्लाऊ इथे त्यांचे निधन झाले. मुलगा जॉन याने 1840 मध्ये काजळी धरलेल्या कागदावर अल्कोहोल लावून सूर्याच्या अदृश्य उष्णतेचे चित्र उमटवले. बापाने पाऱ्यावर मोजलेली ऊब मुलाने कागदावर दाखवली. रात्रीच्या ड्रोनच्या पडद्यावर आज दिसते ते त्याच जातीचे चित्र.