धर्मानंद कोसंबी : सुखाच्या शोधात निघालेला माणूस



जुने देव सोडून तुम्ही काय मिळविलेत, सुखी झालात काय, असा प्रश्न तुम्हांला कोणीतरी विचारलाच असेल. शेजारी विचारतात, कधी घरातलेच वडीलधारे विचारतात. माणूस आपले आयुष्य का बदलतो आणि बदलल्यावर त्याला सुख कशात लाभते, हे समजून घ्यावयाचे असेल तर धर्मानंद कोसंबी यांचे चरित्र वाचा.

कोसंबींचा जन्म ९ ऑक्टोबर १८७६ रोजी गोव्यातील साखवळ या गावी झाला. तेव्हा तेथे पोर्तुगीजांचे राज्य होते. घर गौड सारस्वत ब्राह्मणाचे. नारळीची बाग सांभाळणे हा मुलाचा उद्योग, आणि शाळा झाली ती नावापुरती. लहान वयातच बाळाबाईंशी लग्न झाले. तुमच्याआमच्या पूर्वजांना पाणवठ्यावर जे सोसावे लागले, ते त्यांच्या वाट्याला आले नव्हते. त्यांचे दुःख निराळे होते. ज्ञानाची भूक होती आणि ती भागविण्याचा मार्ग गावात नव्हता. मन उदास राही.

अशा मनःस्थितीत 'बालबोधमेवा' नावाच्या मुलांच्या मासिकात त्यांनी बुद्धचरित्र वाचले आणि त्यांच्या जीवनाला दिशा मिळाली. येथे एक गोष्ट ध्यानात घ्या. दुःख तर आधीही होतेच. केवळ दुःखाने माणूस बदलत नाही, तो पुष्कळदा दुःखाची सवय करून घेतो. दुःखातून बाहेर पडण्याची वाट आहे आणि त्या वाटेने कोणी चालून गेले आहे, हे दिसले म्हणजे तो उठतो. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला लाखो लोक उठले, ते बाबासाहेबांनी ती वाट दाखविली म्हणून.

१८९९ साली कोसंबींनी घर सोडले. पुण्याहून ते काशीला गेले आणि अन्नछत्रात जेवून संस्कृत शिकले. पुढे बौद्ध धर्म पाहावा म्हणून नेपाळात पायपीट केली, पण तेथील धर्माची अवस्था पाहून निराश झाले. बुद्धगयेला गेल्यावर सिंहलद्वीपाचा रस्ता कळला. १९०२ साली कोलंबोच्या विद्योदय परिवेणात सुमंगलाचार्यांजवळ ते श्रामणेर झाले आणि पाली शिकले. पुढे ब्रह्मदेशातही राहिले. सुमारे सात वर्षांत एवढी भ्रमंती झाली.

पण, वाचकहो, या सात वर्षांत बाळाबाई काय करीत होत्या, याचाही विचार करा. कडेवर माणिक ही तान्ही मुलगी आणि आधार नातेवाइकांचा. पती ज्ञान मिळवीत होता, त्याची किंमत मात्र गोव्यात ही स्त्री मोजीत होती. थोर माणसाच्या चरित्रातली ही बाजू आपण झाकून ठेवू नये.

१९०६ साली कोसंबींनी चीवर उतरविले, कलकत्त्याला पाली शिकविण्याचे काम घेतले आणि गोव्यास जाऊन बाळाबाईंना भेटले. संसार पुन्हा सुरू झाला. १९०७ साली पुत्र दामोदर जन्मला. हेच पुढे थोर गणितज्ञ आणि इतिहासकार झाले. आता कोसंबींना आपले सुख कशात आहे ते उमगले होते. जे मिळविले ते आपल्या लोकांना त्यांच्या भाषेत द्यावे! कलकत्ता विद्यापीठातील अधिक पगाराची नोकरी सोडून, महाराष्ट्रात राहून काम करता यावे म्हणून त्यांनी बडोद्याच्या सयाजीराव महाराजांचे दरमहा ५० रुपयांचे साहाय्य पत्करले. 'बुद्ध, धर्म आणि संघ' हे पुस्तक त्याच काळातले. १९१२ ते १९१८ पर्यंत पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात त्यांनी पाली शिकविली. 'विसुद्धिमग्ग' या ग्रंथाच्या संपादनासाठी अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात ते चार वेळा गेले. १९१८ साली माणिक आणि दामोदर यांनाही शिक्षणासाठी बरोबर नेले. जी मुलगी तान्ही असताना मागे राहिली होती, ती अमेरिकेत पदवीधर झाली. १९३७ साली मुंबईत परळच्या कामगार वस्तीत त्यांनी 'बहुजन विहार' उभारला.

गौतमाने घर का सोडले, हा प्रश्न कोसंबींना सतत पडे. म्हातारा, रोगी व प्रेत अचानक पाहून एकोणतीस वर्षांचा राजपुत्र रात्री गुपचूप निघून गेला, ही कथा त्यांना पटली नाही. १९४०-४१ साली प्रसिद्ध झालेल्या 'भगवान बुद्ध' या ग्रंथात त्यांनी जुन्या सुत्तांच्या आधारे दाखविले की, एकमेकांवर शस्त्र उगारणारी माणसे पाहून गौतमाचे मन विटले, आणि आईवडील रडत असता त्यांच्यासमोरच त्याने गृहत्याग केला. त्यांनी शाक्य व कोलिय यांच्या कलहाकडे बोट दाखविले. १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनीही ती जुनी कथा नाकारली आणि रोहिणी नदीच्या पाण्याचा तंटा पुढे मांडला. तेव्हा आयुष्यातला मोठा बदल हा भीतीने घेतलेली उडी नव्हे, तो जगाचे दुःख पाहून, विचारपूर्वक आणि उघडपणे केलेला निश्चय असतो.

कोसंबींचे निधन ४ जून १९४७ रोजी सेवाग्राम येथे झाले. नागपूरची दीक्षा पाहण्यास ते राहिले नाहीत आणि त्यांच्या 'विसुद्धिमग्गा'ची हार्वर्ड आवृत्ती १९५० साली छापून निघाली, तीही त्यांच्यामागे.

आता आपल्या घराकडे पाहा. दीक्षा घेतलेल्या पुरुषाने देव्हारा काढला, पण तो का काढला हे पत्नीला, आईला कधी समजावून सांगितले काय? की ती माउली मनात भीती धरून गप्प बसली आहे? त्यांना शंका विचारू द्या. पौर्णिमेला सर्वांनी मिळून वंदना घ्या, 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' यातील एक प्रकरण घरातल्या शिकलेल्या मुलीकडून मोठ्याने वाचून घ्या. कोसंबींना सात वर्षे एकट्याने चालावे लागले. आपल्याला बाबासाहेबांनी वाट सोपी करून दिली आहे, संसारात राहून, सर्वांना बरोबर घेऊन चालण्याची. ज्या बदलात घरातले कोणी मागे राहत नाही, त्याच बदलाचे सुख टिकते. मग शेजाऱ्याने विचारले, तर उत्तर तुमच्या घरातले कोणीही देऊ शकेल.

जय भीम!