स्वतःवरच प्रयोग करणारे ब्राउन-सेकार

सकाळी उठल्यावर काही खाण्यापिण्याआधी छोट्या नळीत लाळ जमा करायची, दिवसभरात ठरलेल्या वेळी आणखी दोन-तीन नळ्या भरायच्या आणि प्रयोगशाळेत पाठवायच्या. सुई नाही, रक्त नाही. सतत थकवा जाणवणाऱ्या, झोप न लागणाऱ्या किंवा कामेच्छा कमी झालेल्या पुरुषांना अशी चाचणी सोपी वाटते. अहवालात दोन नावे ठळक असतात. एक ताणाच्या वेळी वाढणारे कॉर्टिसॉल आणि दुसरे टेस्टोस्टेरॉन. पहिले मूत्रपिंडांच्या टोकावर टोपीसारख्या बसलेल्या अ‍ॅड्रिनल ग्रंथींतून येते, दुसरे पुरुषांमध्ये मुख्यतः वृषणांतून. एकोणिसाव्या शतकात संप्रेरक हा शब्दही नव्हता. तेव्हा या दोन्ही ग्रंथींचा पिच्छा पुरवणारा एक डॉक्टर होता. त्यातला एक निष्कर्ष बरोबर ठरला, दुसऱ्यात तो फसला आणि जगभर गाजला तो फसलेल्या प्रयोगामुळेच.

शार्ल-एदुआर ब्राउन-सेकार यांचा जन्म ८ एप्रिल १८१७ रोजी मॉरिशसमधील पोर्ट लुईस इथला. पुढे कोकणातून गेलेल्या मराठी मजुरांची वस्ती ज्या बेटावर झाली, तेच हे बेट. वडील एडवर्ड ब्राउन हे अमेरिकी जहाजाचे कप्तान. मुलगा जन्मण्याआधीच ते समुद्रात बेपत्ता झाले. आई फ्रेंच वंशाची. तिनेच मुलाला वाढवले, म्हणून त्याने तिचे सेकार हे आडनाव वडिलांच्या नावाला जोडून घेतले. लेखक होण्याच्या इच्छेने तो आईसह पॅरिसला गेला, तिथे साहित्याचा नाद सोडून वैद्यकाकडे वळला आणि १८४६मध्ये डॉक्टर झाला.

विद्यार्थी असल्यापासूनच आपले शरीर ही त्यांची हाताशी असलेली प्रयोगशाळा होती. जठररस मिळवण्यासाठी ते दोऱ्याला बांधलेले स्पंजाचे तुकडे गिळत आणि पुन्हा ओढून काढत. त्यातून खाल्लेले अन्न परत तोंडात येण्याचा विकार जडला आणि तो जन्मभर राहिला. १८५४मध्ये मॉरिशसला कॉलऱ्याची साथ आली तेव्हा अफूच्या अर्काचा उपाय पारखण्यासाठी त्यांनी रुग्णांची उलटी गिळली. अमेरिकेतील रिचमंड इथे शिकवत असताना त्वचेचे कार्य समजून घ्यायला अंगभर व्हार्निश फासून घेतले. एका विद्यार्थ्याला ते बेशुद्धावस्थेत सापडले आणि त्याने व्हार्निश खरवडून काढले म्हणून वाचले, असे सांगतात. धाडस म्हणावे की अविचार, हे ठरवणे कठीण आहे. मात्र त्यांचे सारेच काम असे नव्हते. मज्जारज्जूची एक बाजू कापली गेली तर हालचाल त्याच बाजूची जाते आणि वेदना व तापमानाची जाणीव विरुद्ध बाजूची, हे त्यांनी दाखवले. आजही या स्थितीला त्यांच्याच नावाने ओळखले जाते.

लंडनचे डॉक्टर थॉमस अ‍ॅडिसन यांनी १८५५मध्ये अ‍ॅड्रिनल ग्रंथी खराब झालेल्या रुग्णांचे वर्णन प्रसिद्ध केले. हे रुग्ण अतिशय अशक्त होत, त्यांची त्वचा काळवंडे आणि अखेर मृत्यू येई. पुढच्याच वर्षी ब्राउन-सेकार यांनी प्राण्यांच्या या ग्रंथी काढून पाहिल्या. प्राणी लवकरच मेले. मृत्यू शस्त्रक्रियेच्या आघाताने झाला, असे आक्षेप घेतले गेले. शिवाय काही संशोधकांचे उंदीर ग्रंथी काढूनही जगले. तरी या ग्रंथींशिवाय जगणे शक्य नाही, हे ब्राउन-सेकार यांचे म्हणणे मुळात खरे होते. ताण पेलायला लागणारे कॉर्टिसॉल याच ग्रंथींत तयार होते, हे कळायला १९३०चे दशक उजाडावे लागले.

मधल्या काळात त्यांनी लंडनमध्ये अर्धांगवायू आणि अपस्माराच्या रुग्णालयात काम केले, हार्वर्डमध्ये शिकवले आणि १८७८मध्ये पॅरिसच्या कोलेज द फ्रान्समध्ये क्लोद बर्नार यांची खुर्ची सांभाळली. शरीरशास्त्रात याहून मोठा मान तेव्हा क्वचितच असेल.

एवढ्या प्रतिष्ठेचा हा माणूस १ जून १८८९ रोजी पॅरिसच्या जीवशास्त्र मंडळासमोर उभा राहिला. वय ७२. प्रयोगशाळेत अर्धा तास उभे राहिले तरी बसावे लागते इतका थकवा अनेक वर्षांपासून येत होता, असे त्यांनी सांगितले. त्यावर त्यांनी कुत्रा आणि गिनीपिग यांची वृषणे पाण्यात कुटून, गाळून, तो अर्क स्वतःला टोचून घेतला होता. काही दिवसांतच तासन्‌तास उभ्याने काम करता येऊ लागले आणि जिना धावत चढता येऊ लागला. दंडाची ताकद मापकावर सहा-सात किलोने वाढलेली दिसली, लघवीची धार पूर्वीपेक्षा पाव पट लांब गेली, जुनी बद्धकोष्ठता सुटली. इंजेक्शने थांबवल्यावर महिनाभरात पुन्हा पहिलाच अशक्तपणा परतला, हेही त्यांनी लपवले नाही. हा सारा मनाचा खेळ असू शकेल ही शंकाही त्यांनी मांडली आणि इतरांनी हा प्रयोग करून पाहावा असे आवाहन केले.

सभेत काहींनी भुवया उंचावल्या, वर्तमानपत्रांनी मात्र बातमी उचलून धरली. ब्राउन-सेकार यांनी अर्क डॉक्टरांना फुकट पुरवला, त्यावर पैसा केला नाही. इतरांनी केला. त्यांच्या नावाचे ‘अमृत’ युरोप-अमेरिकेत विकले जाऊ लागले. अमेरिकेतील पिट्सबर्गचा बेसबॉलपटू पड गॅल्विन याने त्याच वर्षी ते घेतल्याची नोंद आहे. खेळातल्या उत्तेजकांचा इतिहास सांगताना त्याचे नाव हटकून येते.

ब्राउन-सेकार यांनी मोजले होते ते ताकद, धार आणि उत्साह. टोचलेल्या द्रवात नेमका कोणता पदार्थ आहे आणि तो रक्तात किती पोचला, हे मोजायचे साधनच नव्हते. त्यांचा मूळ विचार चुकीचा नव्हता. ग्रंथींचा अर्क औषध होऊ शकतो, हे १८९१मध्ये इंग्लंडच्या जॉर्ज मरे यांनी सिद्ध केले. थायरॉइडच्या कमतरतेने आजारी असलेल्या एका स्त्रीला त्यांनी मेंढीच्या थायरॉइडचा अर्क दिला आणि ती जवळपास २८ वर्षे जगली. वृषणांचे गणित मात्र वेगळे आहे. थायरॉइड आपले संप्रेरक साठवून ठेवते. वृषणे टेस्टोस्टेरॉन तयार करतात तसे लगेच रक्तात सोडतात, साठा जवळजवळ नसतो. त्यात हा पदार्थ पाण्यात फारच कमी विरघळतो. २ एप्रिल १८९४ रोजी ब्राउन-सेकार पॅरिसमध्ये वारले तेव्हा यातले काहीच माहीत नव्हते. १९३५मध्ये टेस्टोस्टेरॉन वेगळे काढले गेले, तेव्हा अ‍ॅमस्टरडॅममधल्या चमूला सुमारे १०० किलो बैलांच्या वृषणांतून अवघे १० मिलिग्रॅम मिळाले.

ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी २००२मध्ये ब्राउन-सेकार यांच्या कृतीप्रमाणे कुत्र्याच्या वृषणांचा अर्क बनवला आणि त्यातले टेस्टोस्टेरॉन मोजले. परिणाम व्हायला लागणाऱ्या मात्रेच्या तुलनेत ते हजारो पटींनी कमी भरले. म्हातारपणी आलेला तो जोम अपेक्षेतून आला होता.

त्यांच्या टेबलावर आजची लाळेची नळी असती तर हे आठवड्याभरात उघड झाले असते. रक्तातले बहुतेक टेस्टोस्टेरॉन आणि कॉर्टिसॉल प्रथिनांना चिकटलेले असते. टेस्टोस्टेरॉनचा सुमारे दोन टक्केच भाग मोकळा असतो आणि पेशींवर तोच थेट काम करतो. हा मोकळा भाग लाळग्रंथींच्या पेशींतून सहज पार होऊन लाळेत उतरतो. लाळेतले प्रमाण पिकोग्रॅममध्ये, म्हणजे ग्रॅमच्या एक लाख कोटीव्या भागांत मोजावे लागते. रोझलिन यॅलो आणि सॉलोमन बर्सन यांनी विकसित केलेल्या मोजणीच्या तंत्रामुळे इतक्या सूक्ष्म मोजणीचा रस्ता खुला झाला. यॅलो यांना त्यासाठी १९७७चे नोबेल मिळाले.

पण नळीही फसवू शकते. दोन्ही संप्रेरके पहाटे-सकाळी जास्त आणि रात्री कमी असतात. त्यामुळे दुपारी चारची लाळ सकाळच्या आकड्यांशी ताडून पाहिली तर धडधाकट माणूसही आजारी ठरेल. हिरड्यांतून रक्त येत असेल तर लाळेतले टेस्टोस्टेरॉन खोटेच वाढलेले दिसते, कारण रक्तात ते कितीतरी पट जास्त असते. म्हणून दात घासल्यावर लगेच नमुना देत नाहीत. लाळ टिपायला कापसाचा बोळा वापरला तरी टेस्टोस्टेरॉनचा आकडा बिघडतो. थेट नळीत गळू दिलेली लाळ बरी.

कॉर्टिसॉलसाठी लाळेची चाचणी डॉक्टर भरवशाने वापरतात. ते प्रमाणाबाहेर वाढणारा कुशिंग नावाचा आजार शोधताना रात्री अकरा-बाराच्या सुमारास, किमान दोन रात्री लाळ घेतली जाते, कारण निरोगी माणसात तेव्हा कॉर्टिसॉल तळाला असते. रात्रपाळी करणाऱ्यांना मात्र ही चाचणी चालत नाही. टेस्टोस्टेरॉनच्या कमतरतेचे निदान अजूनही रक्तावरच होते. त्यासाठी सकाळी, उपाशीपोटी, वेगवेगळ्या दिवशी किमान दोनदा रक्त तपासतात आणि सोबत लक्षणेही पाहतात. लाळेच्या एका अहवालावरून बाहेरून टेस्टोस्टेरॉन घेणे सुरू केले तर मेंदूखालची पियुषिका ग्रंथी वृषणांना काम करायला लावणारा इशारा देणे कमी करते. तेव्हा वृषणांतली स्वतःची निर्मिती मंदावते आणि शुक्राणूंची संख्या खाली येते. मूल हवे असलेल्या पुरुषाने हे डॉक्टरांना आधीच सांगायला हवे.