वीस मिनिटांची तयारी

ज्या माणसाच्या वाणीने पुढे अमेरिकेचा इतिहास वळवला, त्या मार्टिन ल्यूथर किंग यांना शिकत असताना वक्तृत्वाच्या विषयात ‘सी’च्या घरातली श्रेणी मिळाली होती. बँकेत माझी हयात कागद तपासण्यात गेली. कागद एक सांगतो आणि समोर बसलेला माणूस दुसरंच, हे पुष्कळदा पाहिलं. म्हणून असेल, पण किंग यांचं चरित्र वाचताना मी त्यांच्या मोठ्या सभांपेक्षा त्यांच्या विद्यार्थिदशेतच अधिक रेंगाळतो.

त्यांचा जन्म १५ जानेवारी १९२९ चा, अटलांटा शहरातला. वडील एबनेझर चर्चचे पाळक. त्यांच्याआधी आईचे वडीलही तिथलेच पाळक. १९४८ साली, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, मार्टिन समाजशास्त्राचे पदवीधर झाले. धर्मोपदेशकाची दीक्षा त्याआधीच मिळाली होती. घरचं चर्च तयार होतं. आणखी शिकायची गरजच काय, असा प्रश्न आपल्याकडच्या कुठल्याही घरात निघाला असता. पण मार्टिन दूर पेनसिल्व्हेनियातल्या चेस्टर गावी, क्रोझर सेमिनरीत दाखल झाले.

सेमिनरी म्हणजे पाळक घडवणारं पदव्युत्तर महाविद्यालय. तिथला अभ्यासक्रम तीन वर्षांचा. विद्यार्थी बहुतेक गोरे, कृष्णवर्णीय मोजकेच. इथे बायबलकडेसुद्धा इतिहासाच्या नजरेने पाहायला शिकवत. कुठला भाग कधी आणि कुणासाठी लिहिला गेला, हे विचारायला लावत. लहानपणापासून ऐकलेल्या श्रद्धेची अशी उलटतपासणी सोपी नसते. जॉर्ज डेव्हिस हे प्राध्यापक त्यांना विशेष लाभले. वॉल्टर राउशेनबुश यांच्या पुस्तकातून, धर्माने माणसाच्या आत्म्याइतकीच त्याच्या भाकरीचीही काळजी वाहावी, हा विचार मिळाला. राइनहोल्ड नीबूर यांनी मात्र त्या आशावादाला चाप लावला. एकटा माणूस सज्जन असू शकतो, पण समूह आपला स्वार्थ सहजासहजी सोडत नाही, असं त्यांचं म्हणणं. याच काळात फिलाडेल्फियात हॉवर्ड विद्यापीठाचे अध्यक्ष मॉर्डेकाय जॉन्सन यांचं व्याख्यान झालं. ते नुकतेच भारतातून परतले होते आणि गांधीजींविषयी बोलले. किंग यांनी बाहेर पडून गांधीजींवरची पुस्तकं विकत घेतली. (पुढे १९५९ साली ते भारतात आले, तेव्हा मुंबईत मणिभवनात राहिले.)

१९५१ साली ते वर्गात पहिले आले आणि पुढील शिक्षणासाठी शिष्यवृत्ती घेऊन बॉस्टन विद्यापीठात गेले. पॉल टिलिख आणि हेन्री नेल्सन वीमन या दोन विचारवंतांच्या ईश्वरकल्पनांची तुलना, हा त्यांचा पीएच.डी.चा विषय. दोघांच्याही मते ईश्वर ही ‘व्यक्ती’ नव्हे. किंग यांना ते पटलं नाही. ईश्वर व्यक्तिरूप आहे, म्हणून प्रत्येक माणसाच्या व्यक्तित्वालाही मोल आहे, ही बॉस्टनच्या गुरूंची शिकवण त्यांनी जवळ केली. वरवर कोरडा वाटणारा हा वाद. पण ज्याला बसमध्ये उठून उभं राहायला सांगितलं जातं, त्याच्यासाठी तो कोरडा नसतो.

१९५४ साली ते माँटगोमेरीच्या चर्चमध्ये पाळक झाले. पहाटे उठून प्रबंध लिहायचा आणि मग चर्चची कामं करायची, असा क्रम त्यांनी ठेवला. जून १९५५ मध्ये डॉक्टरेट मिळाली.

आता या खात्याची दुसरी बाजू. त्यांच्या कागदपत्रांचं संपादन करणाऱ्या अभ्यासकांना १९८० च्या दशकाच्या अखेरीस आढळलं, की प्रबंधातले अनेक परिच्छेद नीट श्रेय न देता इतरांच्या लिखाणातून उचललेले आहेत. तीनच वर्षं आधी त्याच विद्यापीठात सादर झालेल्या एका प्रबंधातूनही बरंच घेतलेलं होतं. ही सवय सेमिनरीतल्या निबंधांपासूनची. १९९१ साली विद्यापीठाच्या समितीने हे मान्य केलं. पदवी मात्र काढून घेतली नाही, प्रबंधाच्या प्रतीला तसं पत्र जोडायला सांगितलं. मी कादंबऱ्या लिहितो. दुसऱ्याचं वाक्य आपलं म्हणून खपवणं हा माझ्या लेखी लहान दोष नाही. माणूस थोर आहे म्हणून ती नोंद मी खोडणार नाही.

पण जमेची बाजूही वाचायला हवी. १ डिसेंबर १९५५ रोजी रोझा पार्क्स यांनी गोऱ्या उतारूसाठी बसमधली जागा सोडली नाही आणि त्यांना अटक झाली. ५ डिसेंबरला बहिष्कार सुरू झाला. त्याच दुपारी सव्वीस वर्षांच्या किंग यांची नेता म्हणून निवड झाली. संध्याकाळी हजारोंची सभा होती आणि भाषणाच्या तयारीला जेमतेम वीस मिनिटं हातात होती. लोकांना लढायला उभं करायचं, पण मनात द्वेष रुजू द्यायचा नाही, हा त्यांच्यापुढचा पेच होता. नीबूर आणि गांधीजी, सत्ता आणि प्रेम, यांना समोरासमोर बसवण्याचा सराव सेमिनरीपासून झालेला होता. त्या संध्याकाळी त्यांनी न्यायाची मागणी आणि प्रेमाचा आग्रह एकाच भाषणात मांडला. बहिष्कार ३८१ दिवस चालला आणि बसमधला भेदभाव संपला.

४ एप्रिल १९६८ रोजी मेंफिस येथे त्यांची हत्या झाली, तेव्हा ते एकोणचाळीस वर्षांचे होते. त्यांचा प्रबंध आज फारसं कुणी वाचत नसेल. त्यासाठी झालेली तयारी मात्र त्या वीस मिनिटांत कामी आली.