कावसजी गाडीवान

मराठी भाषेत नाकाला केवढा मान! अब्रू गेली की नाक कापले गेले असे आपण म्हणतो. परंतु ज्याचे नाक खरोखरच कापले गेले आणि ज्याला ते पुन्हा लाभले, अशा एका मराठी गाडीवानाचे चरित्र आम्ही आज विद्यार्थी मित्रांपुढे ठेवीत आहोत. आपल्या कामरेजच्या महामार्गावरून रात्रंदिवस माल वाहून नेणाऱ्यांची नावे कोणी विचारीत नाही. कावसजीही असाच दुसऱ्यांचे ओझे वाहणारा माणूस; तथापि शस्त्रवैद्यकाच्या इतिहासात त्याचे नाव अमर झाले आहे.

कावसजी हा मराठा शेतकरी. १७९० ते १७९२ या काळात इंग्रज, पेशवे व निजाम यांनी एकत्र होऊन म्हैसूरच्या टिपू सुलतानाशी युद्ध केले. त्यात कावसजी इंग्रजांच्या फौजेत बैल हाकण्याच्या कामावर होता. १७९२ साली तो टिपूच्या कैदेत सापडला. तेथे त्याचे नाक व एक हात छाटण्यात आला. तशाच अवस्थेत तो श्रीरंगपट्टणजवळ मुंबईच्या फौजेला येऊन मिळाला. पुढे कंपनी सरकारने त्याला निवृत्तिवेतन दिले. पण पोटाची सोय झाली म्हणजे मनाची होतेच असे नाही. नाक कापणे ही त्या काळी अपराध्याला होणारी शिक्षा होती. निरपराध माणसाने ती खूण तोंडावर वागवीत चारचौघांत वावरावे, यापरते दुःख कोणते? असे सुमारे वर्ष त्याने काढले.

पुढे १७९३ च्या सुमारास पुण्याजवळ विटा पाडणाऱ्या जातीतील एका कारागिराने त्याला नवे नाक करून दिले. ही विद्या आपल्या देशात प्राचीन काळापासून चालत आलेली. सुश्रुतसंहितेत झाडाच्या पानाने माप घेऊन गालाच्या त्वचेचे नाक करण्याची रीत सांगितली आहे. या कारागिरांनी कपाळाची त्वचा घेतली. प्रथम मेणाच्या पातळ पत्र्याने नाकाचा आकार बेतावयाचा, तो कपाळावर पसरून भोवती रेघ आखावयाची व तेवढी त्वचा सोडवावयाची. मात्र दोन भुवयांमधील एक चिंचोळी पट्टी अखंड राखावयाची. त्या पट्टीतून रक्त वाहत राहते, म्हणूनच त्वचा जगते. मग ती त्वचा खाली वळवून नाकाच्या जागी बसवावयाची. सांधा धरण्यास विड्याचा कात भिजवून लावलेल्या कापडाच्या पट्ट्या, आणि चार दिवसांनंतर तुपात बुडविलेली फडकी! पंचविसाव्या दिवसाच्या सुमारास ती पट्टी कापली की नाक तयार.

मुंबई इलाख्यातील क्रूसो व फिंडले या दोन इंग्रज डॉक्टरांनी ही क्रिया प्रत्यक्ष पाहिली. जेम्स वेल्स या चित्रकाराने जानेवारी १७९४ मध्ये, म्हणजे शस्त्रक्रियेनंतर दहा महिन्यांनी, कावसजीचे चित्र काढले. त्याच वर्षी ऑक्टोबरात ही हकिकत लंडनच्या एका मासिकात चित्रासह छापली गेली. ती वाचून तेथील शल्यविशारद कार्प्यू यांनी अभ्यास आरंभिला, १८१४ साली एका लष्करी अधिकाऱ्यावर ही क्रिया यशस्वी केली आणि १८१६ साली त्यावर ग्रंथ लिहिला. पुढे ही रीत युरोपभर पसरली.

आज नाक कापण्याची शिक्षा उरली नाही. परंतु उन्हाने पोळणाऱ्या चेहऱ्यावर त्वचेचा कर्करोग होतो आणि नाक हे त्याचे एक नेहमीचे ठिकाण आहे. रोगग्रस्त भाग काढल्यावर मोठी पोकळी राहिली, तर आजचे शल्यविशारद अजूनही कपाळाचीच त्वचा घेतात आणि पट्टी बहुधा तीन आठवड्यांनंतर कापतात. कारागिराचे गणित किती अचूक होते पाहा! व्रण पक्व होण्यास वर्षभर लागते, हेही आज ठाऊक आहे. कावसजीच्या कपाळावरील व्रणही काळाने अंधुक होतो, असे त्या वृत्तान्तात नमूद आहे.

येथे आमचे मन थबकते. व्रण फारसा दिसत नाही, हे लिहिले पाहणाऱ्याने. आरशात पाहून कावसजीला काय वाटले, हे त्या लेखात कोठेच नाही. नाक घडविणाऱ्या कारागिराचे नावही नाही. आजच्या वैद्यकाने येथे एक पाऊल पुढे टाकले आहे. आता व्रणाची लांबीरुंदी मोजून डॉक्टर थांबत नाहीत. रोग्याला प्रश्न विचारून त्याचे समाधान नोंदवितात. डॉक्टरांना उत्तम वाटलेला व्रण रोग्याला सलतो, आणि कित्येकदा ठळक व्रण असलेला रोगी, जीव वाचला म्हणून, संतुष्ट असतो. ज्याचा चेहरा, त्याचाच निकाल खरा.

विद्यार्थी मित्रहो, चेहऱ्यावरील न भरणारी जखम अंगावर काढू नये, ती वैद्याला वेळीच दाखवावी, हा एक बोध. दुसरा याहून मोठा. व्रण असलेला मनुष्य भेटला तर त्याच्या व्रणाकडे टक लावू नये, की नजरही चुकवू नये. त्याच्या डोळ्यांकडे पाहून त्याची विचारपूस करावी. कावसजीला जे कोणी विचारल्याची नोंद नाही, ते आपण आपल्या शेजाऱ्याला विचारावे. त्या गाडीवानाचे ऋण फेडण्याचा हाच मार्ग आहे.