झेरॉक्सवाला कार्लसन

सबमिशनच्या आठवड्यात आपल्या हॉस्टेलची मुलं देवळात जात नाहीत तेवढ्या वेळा झेरॉक्सच्या दुकानात जातात. सिनिअरच्या नोट्स, जुने पेपर, जर्नल, सगळं तिथूनच येतं. पण ही युक्ती ज्याने शोधली त्याचं नाव विचारलं तर इलेक्ट्रॉनिक्सवालेसुद्धा एकमेकांच्या तोंडाकडे बघतात. त्याचं नाव चेस्टर कार्लसन. मी त्याच्यापर्यंत पोचलो तो सेमिनारच्या निमित्ताने. विषय होता पदार्थांच्या पृष्ठभागाचे विद्युत गुणधर्म. विषय कोरडा वाटला, माणूस मात्र मनात बसला.

त्याचा जन्म 8 फेब्रुवारी 1906 रोजी अमेरिकेत सिॲटल येथे झाला. वडील न्हावीकाम करीत, पण क्षय आणि संधिवाताने ते जवळजवळ अंथरुणालाच खिळले. त्यामुळे चेस्टर आठव्या वर्षापासून मिळेल ते काम करू लागला आणि चौदाव्या वर्षी घर मुख्यतः त्याच्याच कमाईवर चालत होतं. तो सतरा वर्षांचा असताना आईही क्षयानेच गेली. तरी गड्याने शिक्षण सोडलं नाही. 1930 साली कॅलटेकमधून फिजिक्सची पदवी घेतली, ती नेमकी महामंदीच्या तोंडावर. 82 कंपन्यांना अर्ज केले, एकीनेही नोकरी दिली नाही! (आपल्याकडे कॅम्पसला दोन कंपन्यांनी नाकारलं की मेसचं ताट तसंच राहतं.) शेवटी बेल लॅब्जमध्ये जागा मिळाली, तीही 1933 मध्ये गेली. पुढे तो मॅलरी नावाच्या, विजेचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीच्या पेटंट विभागात लागला.

पेटंटचं काम म्हणजे नकलाच नकला. टायपिस्टने परत टाइप करायचं आणि आकृत्या बाहेर पाठवून फोटो काढून आणायच्या. त्यात तो रात्री कायद्याचा अभ्यास करी. पुस्तकं विकत घ्यायला पैसे नाहीत, म्हणून लायब्ररीत बसून पानंच्या पानं हाताने उतरवून घ्यायचा. त्यालाही संधिवात होता. बटण दाबलं की कागदाची नक्कल मिळाली पाहिजे, हा विचार तिथे पक्का झाला.

फोटोच्या रसायनांवर मोठमोठ्या कंपन्या आधीच काम करीत होत्या. कार्लसनने तो रस्ता टाळला. पाल शेलेनी या हंगेरियन शास्त्रज्ञाचं काम त्याच्या वाचनात आलं होतं. इन्सुलेटरच्या पृष्ठभागावर विद्युतभाराचं चित्र उमटवायचं आणि त्यावर पूड टाकून ते दिसतं करायचं, असं ते काम.

इथे मला आमचं येलदरी आठवतं. परभणी जिल्ह्यात, जिंतूर तालुक्यात पूर्णा नदीवर धरण आहे आणि तिथे साडेसात मेगावॅटचे तीन संच असलेलं वीजघर आहे. आजोळ तिथलं, म्हणून सुट्टीत तारा आणि खांब बघतच मोठा झालो. खांबावरच्या चिनीमातीच्या इन्सुलेटरला झालरीसारख्या कडा असतात. त्या शोभेसाठी नाहीत. धूळ बसली आणि दव पडलं की करंट इन्सुलेटरच्या आतून न जाता त्याच्या अंगावरून सरपटत जातो, म्हणून त्याची वाट लांबवायची. म्हणजे पदार्थ आतून कसा आहे ते एक, आणि त्याचा पृष्ठभाग कसा वागतो ते दुसरंच. इन्सुलेटरच्या पृष्ठभागावरून वीज कधीच गळू नये अशी आपली इच्छा असते. कार्लसनला मात्र अंधारात भार धरून ठेवणारा आणि उजेड पडला की सोडून देणारा पदार्थ हवा होता. मग अक्षर जिथे काळं आहे तिथे उजेड पोचणार नाही, तेवढाच भार शिल्लक राहील आणि पूड तिथेच चिकटेल. बस्स, एवढंच झेरॉक्स!

असा पदार्थ म्हणून त्याने गंधक घेतलं आणि घरच्या स्वयंपाकघरात प्रयोग सुरू केले. शेजाऱ्यांना सडक्या अंड्यांचा वास सोसावा लागला. नंतर न्यूयॉर्कच्या ॲस्टोरिया भागात खोली घेतली आणि ऑटो कॉर्नाय हा ऑस्ट्रियातून आलेला इंजिनिअर मदतीला ठेवला. 22 ऑक्टोबर 1938 रोजी दोघांनी जस्ताच्या पत्र्यावरचा गंधकाचा थर सुती रुमालाने घासला, काचेवर शाईने लिहिलेली तारीख आणि जागेचं नाव त्यावर ठेवलं, दिवा लावला, मग लायकोपोडियमची बारीक पूड भुरभुरली. अक्षरं उमटली. मेणकागदावर दाबून गरम केल्यावर ती कागदावर आली.

पुढे वीसहून जास्त कंपन्यांनी नकार दिला, त्यात आयबीएम, कोडॅक होत्या. बहुतेक लेखांत या कंपन्यांना मूर्ख ठरवतात. मला ते पटत नाही. त्यांना दिसला तो एक पत्रा, एक रुमाल आणि पुसट अक्षरं. कल्पना बरोबर होती, पदार्थ चुकीचा होता. 1944 मध्ये ओहायोतल्या बॅटेल संस्थेने काम हाती घेतलं. कोणता थर अंधारात किती वेळ भार धरतो, उजेडात किती लवकर सोडतो हे तपासलं गेलं, तेव्हा सेलेनियम गंधकाच्या कितीतरी पुढे निघालं. रुमालाच्या जागी उच्च दाबाची बारीक तार आली. या मोजमाप करणाऱ्यांची नावं कोणी घेत नाही, पण त्यांच्याशिवाय कार्लसनचा पत्रा कपाटातच राहिला असता. हॅलॉइड या छोट्या कंपनीने पुढचा खर्च उचलला आणि 1959 मध्ये 914 नावाची मशीन बाजारात आणली. पहिल्या प्रयोगाला तेव्हा 21 वर्षं झाली होती. मधल्या काळात, 1945 मध्ये, त्याचा पहिला संसारही मोडला. आजचा लेझर प्रिंटर याच तत्त्वावर चालतो, फक्त ड्रमवर सेलेनियमऐवजी बहुधा सेंद्रिय थर असतो.

नंतर पैसा प्रचंड आला. त्यातला बहुतेक त्याने वाटून टाकला, पुष्कळदा नाव न सांगता. त्याला वेदान्ताची गोडी होती. पुनर्जन्माच्या घटना तपासायला भारतात येणारे डॉ. इयान स्टीव्हन्सन यांच्या संशोधनालाही त्याचा पैसा होता. (माझ्या आजीला त्याच्या मशीनपेक्षा हे जास्त आवडलं.)

19 सप्टेंबर 1968 रोजी तो न्यूयॉर्कमध्ये एकटाच सिनेमा बघायला गेला. खेळ संपला तरी हा खुर्चीतच. डोळा लागला असेल असं वाटून उठवायला गेले, तर तो गेलेला होता.