कडू बियांतील औषध : डॉ. भाऊ दाजी लाड

एकोणिसाव्या शतकात कुष्ठरोग जडणे म्हणजे जिवंतपणीच समाजातून उठणे होते. रोगाचे कारण ठाऊक नव्हते, खात्रीचा उपायही नव्हता. पूर्वजन्मीचे पाप मानून घरचे लोकसुद्धा रुग्णाला दूर लोटत. अशा काळात मुंबईतील एका डॉक्टरांनी या रुग्णांना जवळ केले आणि एका रानटी झाडाच्या बियांत त्यांच्यासाठी औषध शोधले. ते डॉक्टर म्हणजे भाऊ दाजी लाड.

त्यांचे मूळ नाव रामकृष्ण विठ्ठल लाड. त्यांचा जन्म १८२२ साली (काही नोंदींनुसार १८२४ साली) गोव्यातील मांद्रे येथे झाला. घरची परिस्थिती बेताची होती. भाऊ लहान असतानाच हे कुटुंब मुंबईस आले. मुलाची बुद्धिबळातील चमक पाहून एका इंग्रज गृहस्थाने त्याला इंग्रजी शिक्षण द्यावे, असे वडिलांना सुचविले. पुढे भाऊंनी एल्फिन्स्टन संस्थेत शिक्षण घेतले व तेथेच अध्यापनही केले. कच्छ-काठेवाडातील बालिकाहत्येच्या प्रथेवर त्यांनी लिहिलेल्या निबंधास पारितोषिक मिळाले. १८४५ साली मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू होताच शिक्षकाची नोकरी सोडून ते पुन्हा विद्यार्थी झाले. १८५१ साली तेथून उत्तीर्ण झालेल्या पहिल्या तुकडीत त्यांचा समावेश होता.

त्या काळी औषधशास्त्रात मोठे परिवर्तन घडत होते. वनस्पतीचा केवळ काढा देण्याऐवजी तिच्यातील गुणकारी द्रव्य वेगळे व शुद्ध करण्याकडे रसायनशास्त्रज्ञ वळले होते. फ्रान्समध्ये १८१८ साली काजऱ्याच्या कुळातील बियांपासून स्ट्रिक्नीन आणि १८२० साली सिंकोना झाडाच्या सालीपासून क्विनीन ही अल्कलॉइडे वेगळी करण्यात आली होती. शुद्ध द्रव्य हाती आले की मात्रा अचूक ठरविता येते आणि औषधाचा गुण पडताळून पाहता येतो. भाऊंना या नव्या विद्येबरोबरच संस्कृत ग्रंथांचीही गोडी होती. प्राचीन वैद्यकातील औषधींना त्यांनी आंधळेपणाने स्वीकारले नाही व तुच्छही लेखले नाही. त्यांची परीक्षा घ्यायचे ठरविले.

कडू कवठ हा कोकण, गोवा व सह्याद्रीच्या रानांत वाढणारा वृक्ष आहे. खाण्याच्या कवठाशी त्याचा संबंध नाही. त्याच्या बियांतून तेल निघते. सुश्रुतसंहितेत पश्चिम समुद्राकाठच्या तुवरक वृक्षाचे तेल कुष्ठावर सांगितले आहे. तो तुवरक म्हणजे हाच वृक्ष होय, असे मानले जाते. भाऊंनी या बियांच्या औषधाचे कुष्ठरुग्णांवर प्रयोग केले.

बंधू डॉ. नारायण यांच्यासह त्यांनी गरिबांसाठी धर्मार्थ दवाखाना चालविला. स्त्रीशिक्षण व विधवाविवाह यांचा त्यांनी पुरस्कार केला, प्राचीन शिलालेखांचे वाचन केले आणि १८६९ व १८७१ साली मुंबईचे शेरीफपद भूषविले. १८६५ च्या सुमारास शेअरबाजार कोसळला, तेव्हा त्यांची संपत्ती बुडाली. तरीही त्यांनी सेवा व संशोधन सोडले नाही.

१८७३ साली नॉर्वेतील डॉ. हॅन्सन यांनी कुष्ठरोगाचा जंतू शोधला. हा रोग पापाचे फळ नसून जंतुजन्य आहे, हे सिद्ध होण्याचा मार्ग त्यामुळे खुला झाला. पुढच्याच वर्षी, ३१ मे १८७४ रोजी, भाऊंचे निधन झाले. त्यांचे कार्य अपुरे राहिले, पण बियांचा शोध थांबला नाही. १९०५ साली लंडनमध्ये फ्रेडरिक पॉवर व त्यांच्या सहकाऱ्यांनी कडू कवठाच्या तेलातून हिड्नोकार्पिक आम्ल शुद्ध स्वरूपात वेगळे केले. हे अल्कलॉइड नव्हे, तर तैलाम्ल होते. मूळ तेल पोटात घेतल्यास मळमळ होई आणि टोचल्यास दाटपणामुळे अंगात नीट भिनत नसे. ही अडचण हवाई बेटांवरील तरुण रसायनतज्ज्ञ ॲलिस बॉल यांनी १९१५ च्या सुमारास दूर केली. चालमोगऱ्याच्या तेलातील आम्लांपासून त्यांनी टोचता येईल असे औषध तयार केले. १९४० च्या दशकात सल्फोन औषधे येईपर्यंत या बियांच्या तेलाचाच रुग्णांना मुख्य आधार होता. आज बहुविध औषधोपचाराने कुष्ठरोग पूर्ण बरा होतो.

१९७५ साली मुंबईच्या भायखळा येथील वस्तुसंग्रहालयास भाऊंचे नाव देण्यात आले. परंपरेने सांगितलेला गुण प्रयोगाने पडताळावा आणि त्याचा लाभ उपेक्षितांपर्यंत पोहोचवावा, हीच त्यांच्या जीवनाची शिकवण आहे.