आइनस्टाईन यांच्या पोटातला फुगा

सापेक्षतेचा सिद्धांत मांडणारे अल्बर्ट आइनस्टाईन सगळ्यांना माहीत आहेत. पण त्यांचा जीव गेला तो पोटातल्या महाधमनीला आलेल्या फुग्यामुळे.

१४ मार्च १८७९ ला जर्मनीतल्या उल्म इथं जन्म, १९२१ चं नोबेल. १९३३ मध्ये हिटलर सत्तेवर आला आणि ते अमेरिकेत प्रिन्स्टनला राहायला गेले. डिसेंबर १९४८ मध्ये पोटदुखीमुळे ब्रुकलिनला ऑपरेशन झालं. डॉ. रुडॉल्फ निसेन यांना मोठ्या मोसंबीएवढा फुगा दिसला. तेव्हा धड इलाज नव्हता. फुग्याभोवती सेलोफेनचा कागद गुंडाळला, त्यावर सहा वर्षं निघाली.

एप्रिल १९५५ मध्ये फुगा गळायला लागला. तोवर महाधमनीचा खराब भाग बदलायचं ऑपरेशन निघालं होतं, पण ७६ वर्षांच्या आइनस्टाईन यांनी नको म्हटलं. १८ एप्रिलला ते गेले.

१९९० मध्ये अर्जेंटिनात डॉ. हुआन पारोदी यांनी पोट न फाडता, जांघेतल्या नसेतून कापडी अस्तराचा स्टेंट बसवला. फुगा मूत्रपिंडाच्या नसांजवळ असला, तर आता त्या नसांसाठी भोकं ठेवलेला स्टेंट मिळतो. मोठं ऑपरेशन न झेपणाऱ्या रुग्णांना त्याचा आधार आहे.

हा फुगा बहुतेक वेळा फुटेपर्यंत त्रास देत नाही, पण सोनोग्राफीत दिसतो. घरात पासष्टी ओलांडलेले, बिडी-सिगारेट ओढणारे किंवा पूर्वी ओढलेले कुणी असतील, तर एकदा डॉक्टरांना विचारून तपासून घ्यावं.